उचललेली टाच

"तुम्ही माझी टाच पाहिली होती की नाही, एवढंच सांगा."

मास्तरांनी घेवड्याची शेंग मोडली, शीर ओढली, दोन तुकडे ताटात टाकले.

"कुठली टाच?"

"मास्तर..."

"अरे, दोन असतात माणसाला."

"डावी."

मास्तर पुढची शेंग शोधू लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आता बोटंच डोळ्यांचं काम करत होती.

उदय केणी समोरच्या लोखंडी खुर्चीत बसून होता. पहाटे पुण्याहून निघून तो नदीकाठच्या या लहानशा गावात आला होता. वाचनालयाच्या मागच्या बाजूला ही खोली. एक खाट, एक स्टोव्ह, आणि दोरीवर वाळत टाकलेलं एक धोतर. मोटार फाटकाबाहेर उभी होती आणि तिच्याभोवती चारपाच माणसं जमली होती. सिनेमातला केणी आलाय म्हणून.

आल्या आल्या तो वाकून पाया पडला, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "वा! आज उद्या उगवला."

पूर्वीही ते त्याला उद्याच म्हणत. पूर्वी त्यात टोमणा नसे.

ढवळीकर मास्तर म्हणजे जुन्या वळणाचे तालीममास्तर. सकाळी नटांच्या तालमी घ्यायच्या आणि प्रयोगाला वही मांडीवर घेऊन विंगेतल्या स्टुलावर बसायचं. जो विसरेल त्याला वाक्य द्यायचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांचा आवाज ज्याला हवा त्यालाच ऐकू जातो, शेजारी उभ्या असलेल्या नटालाही जात नाही, अशी ख्याती होती.

उदयला त्यांनीच बँकेच्या काउंटरवरून उचलून नट केला. चेहरा होता, आवाज होता, उभं राहणं होतं. पाठांतर तेवढं कच्चं. म्हणून दोघांत एक खूण ठरलेली होती. उदयची डावी टाच जमिनीवरून सुटली, की मास्तरांनी वाक्य द्यायचं.

ही खूण तिसऱ्या कुणालाही सांगायची नाही, असंही ठरलं होतं.

"सव्वीस वर्षं झाली," उदय म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

"विचारायला यावं लागतं."

उदयनं मान खाली घातली.

सव्वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या प्रयोगात, तिसऱ्या अंकाच्या शेवटी, घर सोडून निघालेला मुलगा दाराशी उभा राहून विचारतो, "बाबा, मी जाऊ?" त्यावर बापाचं वाक्य होतं. बापाचं काम उदय करत होता. ते वाक्य त्याला आठवलं नाही.

त्यानं टाच उचलली. वाक्य आलं नाही.

तो तसाच उभा राहिला. मुलगा बघत राहिला. नाट्यगृहात आठशे माणसं, पण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी मुलाचं काम करणारा नट घाबरला आणि आपणच दार उघडून निघून गेला. पडदा पडला.

आणि मग टाळ्या... थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या शांततेवर रकाने भरले. उंबरठ्याशी अडलेल्या बापाची ती अधांतरी टाच, असं एकानं लिहिलं. नाटककारानं स्वतःच्या हातानं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, इथे शांतता. आठव्या प्रयोगाला एक सिनेमावाला आला आणि उदयला घेऊन गेला.

पुढं प्रत्येक चित्रपटात एक तरी दृश्य तसं असे. केणी गप्प उभा राहतो, कॅमेरा हळूहळू पायांकडे उतरतो. एकांकिका स्पर्धांत बापाचं काम करणारी पोरं टाच उचलू लागली. गेली तीन वर्षं उदय गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करत होता. तीतही त्याला टाच उचलायला लावली होती.

दर मुलाखतीत तो सांगे, "मौन मला ढवळीकर मास्तरांनी शिकवलं."

"गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या," मास्तर म्हणाले. "तुझ्यावर प्रबंध लिहितायत. म्हणाल्या, मौनाविषयी काही सांगा."

"काय सांगितलंत?"

"काहीच नाही सांगितलं. त्या खूश होऊन गेल्या."

उदय हसला, आणि लगेच थांबला. हसण्यासाठी तो आलेलाच नव्हता.

"मास्तर, शनिवारी तेच नाटक पुन्हा उभं करतोय. पुण्यात. काम तेच, बापाचं."

"वय झालं आता बापाएवढं."

"परवा रंगीत तालीम झाली. शे-दीडशे माणसं बोलावली होती. ती जागा आली. मी थांबलो..." तो इथेही थांबला. "मागच्या रांगेत एक बाई हसली."

मास्तरांचे हात क्षणभर शेंगांवर थबकले.

"मोठ्यानं?"

"नाही. फिसकन."

"ते वाईट."

"सिनेमा संपलाय, मास्तर. मालिकांत आजोबा होऊन खोकायचं माझ्यानं होणार नाही. शनिवारी ती जागा पडली तर माझ्याकडे तेलाची बाटली उरते. दुसरं काही नाही." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "तेव्हा काय झालं होतं, ते मला कळायला हवं. मी तर वाक्य विसरलो होतो. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पण तुम्ही विसरला नव्हतात. वही तुमच्या मांडीवर होती."

मास्तरांनी ताट चाचपलं. शेंगा संपत आल्या होत्या.

मग ते म्हणाले, "उभा राहा."

"आत्ता?"

"का? मेकअप लागतो?"

उदय उठला. दाराकडे तोंड करून, खोलीच्या मधोमध उभा राहिला. बाहेरच्या माणसांतलं कुणीतरी म्हणालं, "शूटिंग आहे वाटतं." मास्तरांनी मान न उचलता, विंगेतून देत तसल्या कोरड्या आवाजात मुलाचं वाक्य टाकलं.

"बाबा, मी जाऊ?"

त्या आवाजानं उदयच्या मानेवर काटा आला.

तो गप्प राहिला. नजर दारावर. खांदे किंचित झुकलेले. त्याला सगळं नीट ठाऊक होतं. दहापर्यंत मोजायचं, मग ओठ उघडायचे, मिटायचे, मग टाच.

टाच उचलली गेली.

मास्तरांनी शेवटची शेंग मोडली.

"उचलली असशील. खाली ठेव. पेटका येईल."

उदयनं टाच टेकली.

"वाक्य आठवतं?" मास्तरांनी विचारलं.

"आठवतं ना. 'जा. पण तुझ्या आईला सांगून जा. मला खोटं बोलता येत नाही.'"

"चांगलं वाक्य होतं. बिचारं फुकट मेलं." मास्तरांनी शिरांचा ढीग एका बाजूला सारला. "वाक्य आठवत होतं, मग टाच कुणासाठी उचललीस?"

उत्तर उदयकडे होतं. पण ते या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं.

"लोकांना... हवी असते."

"हं."

"त्या दिवशी वेगळं काय होतं?"

"विसरलेला नट श्वास धरून ठेवतो. आत्ता तुझा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता. जेवल्यानंतर झोपतोस तसा. त्या दिवशी तुझ्या बरगड्या हलत नव्हत्या."

उदय एकदम वळला.

"बरगड्या दिसल्या होत्या तुम्हाला?"

मास्तर ताटातले तुकडे सारखे करू लागले.

"म्हणजे टाचही दिसली होती."

दोरीवरचं धोतर वाऱ्यानं फुगलं आणि पडलं.

"दिसली," मास्तर म्हणाले. "तीनदा उचललीस. पहिल्यांदा हळू. दुसऱ्यांदा आपटलीस. तिसऱ्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलंस."

"बाप देवघराकडे बघतो, असं लिहिलं होतं लोकांनी."

"देवघर दुसऱ्या बाजूला होतं."

उदयच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. इतकी वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. तो येऊन मास्तरांच्या खाटेपाशी जमिनीवर बसला, अगदी पूर्वी तालमीला बसायचा तसा.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "तुम्ही जाणून थांबलात. इथे शब्द नकोच, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. म्हणून तर मी सगळीकडे सांगतो..."

"ऐकतो मी. वाचनालयात टीव्ही आहे."

"...की ती जागा तुमची. मी नुसता उभा होतो."

"उद्या."

"अं?"

"वाक्य माझ्या जिभेवर होतं. तोंड उघडलेलं होतं मी. ते मिटलं."

"तेच म्हणतोय मी."

"तू तोंडावर आपटावंस म्हणून मिटलं."

उदयला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

मास्तर सांगत होते, आणि आवाज तोच होता, वाक्य देतानाचा. ना चढ, ना उतार.

"दुपारचे चार वाजले होते. रंगपटात तू आणि निर्माते बसला होतात. कपड्यांच्या दोरीपलीकडे मी तुझ्या कोटाचं बटण लावत होतो. तू म्हणालास, म्हाताऱ्याचं काही खरं नाही, विंगेत बसून घोरल्यासारखा कुजबुजतो. पुढच्या दौऱ्याला नवा माणूस बघा. निर्माते म्हणाले, अहो, पण तुमचे गुरू ना ते? तू म्हणालास, कसले गुरू? टाच उचलली की कुत्र्यासारखा धावून येतो, तेवढाच गुण. मग नक्कल करून दाखवलीस."

"मी?"

"चांगली केलीस. निर्माते खूप हसले."

"मास्तर, मला... खरंच आठवत नाही."

"तुला आठवत नसे, म्हणून तर मला ठेवलं होतं."

उदयनं डोळे मिटले. रंगपटातले दिवे, त्या दिवसाचा कोट... काहीतरी दिसत होतं. पण ते आठवत होतं की तो आत्ता रचत होता, हे त्याला ठरवता येईना. उभं आयुष्य त्यानं दुसऱ्यांची वाक्यं आपली म्हणून बोलली होती. आपलं स्वतःचं एक वाक्य त्याला ओळखता येत नव्हतं.

"बटण लावलंत?" त्यानं विचारलं. का विचारलं, त्यालाच कळलं नाही.

"लावलं तर. कोट काय म्हणणार?"

बाहेर कुणीतरी मोटारीचा हॉर्न वाजवून पाहिला. ड्रायव्हर ओरडला.

"म्हणजे सव्वीस वर्षं मी ज्याला तुमची विद्या म्हणतोय..."

"तो माझा राग होता."

"आणि तुम्ही ऐकून घेत होतात?"

"काय करणार होतो? फोन करून सांगू, की बाबा रे, तुझं वाटोळं करायला बसलो होतो, तुझं सोनं झालं?" मास्तर हसले, पण ते हसणं कुणासाठीच नव्हतं. "आयुष्यात एकदाच कुणाचं वाईट करायला गेलो. तेही जमलं नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं, लोक उठून खुर्च्या आपटतायत. मी वही बंद करून घरी जायला निघालो होतो."

उदय उठला. खिडकीशी गेला. परत आला. त्याला चिडायचं होतं. आवाज चढवायचा होता. चांगला खणखणीत आवाज होता त्याचा. पण चिडायचं कशावर? न दिलेल्या वाक्यावर त्यानं घर बांधलं होतं, मुलं शिकवली होती.

"आणि दौऱ्याला नवा माणूस आलाच," तो म्हणाला.

"तीन महिन्यांनी. कुजबुजायचा छान."

"मी अडवायला हवं होतं."

"तू तेव्हा मुंबईत होतास. मौन धरून."

हा घाव बसला. उदय खुर्चीत बसला. खूप वेळ दोघं काही बोलले नाहीत. उदयनं मधेच ओळखलं की ही शांतता खरी आहे. कारण आता आपण काय बोलायचं, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि समोरचा माणूस मदतीला येईल याची खात्री नव्हती.

तो सावकाश म्हणाला, "मास्तर, शनिवारी विंगेत बसाल?"

"मला दिसत नाही."

"दिसायला नको. वही नको. स्टूल मांडतो, नुसते बसा."

"वाक्य पाठ आहे तुला. आणि आता ते नाटकातही नाही."

"म्हणूनच बसा. त्या दिवशी माझ्या पायाखाली काही नव्हतं. तुम्ही काढून घेतलं होतंत. आज सगळं आहे. कितव्या क्षणी काय करायचं, सगळं. म्हणून बाई हसली." त्याचा आवाज फाटला, आणि त्यानं तो सावरला नाही. "तुम्ही तिथे बसलात... मी तुमच्याशी कसा वागलो ते तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक असलं... तर मला भीती वाटेल. मला भीती हवीय, मास्तर. पाया पडतो."

तो खरोखरच खाली वाकला. कपाळ मास्तरांच्या पायांना लागलं. सुरकुतलेले, गार पाय.

मास्तरांनी हात धोतराला पुसले. चाचपडताना पहिल्यांदा त्याचा खांदा लागला, मग कान, मग डोकं. केस विरळ झाले होते. तिथे त्यांचा हात थांबला, आणि लहान मूल तापात असताना फिरवावा तसा हळूहळू फिरत राहिला.

"येणार ना?" उदयनं खालूनच विचारलं.

मास्तरांनी हात काढला नाही.

"माझा आता काही उपयोग नाही रे. तुझं वाईट व्हावं असं मनापासून वाटणारं कुणीतरी बसव तिथे."