हिरव्या लुगड्यातली

एका गावात एक राखणदार होता. गावात म्हणजे तसा गावाबाहेरच. ज्वारी दाण्यात आली की मालक त्याला मचाणावर बसवी. दिवसभर गोफण फिरवायची, पाखरं हाकलायची, एवढंच त्याचं जगणं. बोलायला माणूस नाही. एकटेपणा माणसाला काय काय दाखवतो, ते एकट्यालाच ठाऊक.

एका सकाळी त्याला पश्चिमेकडच्या लांबच्या शेतात हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसली. वाऱ्यावर तिचा पदर हलला. राखणदाराला वाटलं, आपल्यालाच हात करते आहे. त्यानंही हात केला. पदर पुन्हा हलला. झालं, स्वारी प्रेमात पडली.

शेजारच्या शेतात म्हाताऱ्या बापाऐवजी त्याची लेक राखणीला बसे. रोज दुपारी ती बांधावर येऊन हाक मारी, "हुरडा भाजलाय. खाली या, गरम हाय तवर खावा."

"तितंच ठेव," राखणदार वरूनच म्हणे आणि अंधार पडल्यावर उतरून खाई. एकदा मात्र तो म्हणाला, "म्या उतरलो तर तिला वाटंल, म्या गेलो."

"कुणाला?"

त्यानं बोट दाखवलं. शेजारणीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. आधी तिला हसू आलं, मग वाईट वाटलं.

"अवो, ते बुजगावणं हाय. चला, म्या येते संगं. जवळ जाऊन बघू."

राखणदार उठला. एक पाय शिडीवर ठेवलाही. पण मनात आलं, खरंच बुजगावणं निघालं तर उद्यापासून बघायचं कुणाकडे? त्यानं पाय वर घेतला.

"तुला बघवत न्हाई, म्हून असं बोलतीस," तो म्हणाला.

 शेजारीण हुरडा ठेवून गेली, ती पुन्हा आली नाही. भूक लागली की राखणदाराला तिची आठवण होई. पण तिकडे पदर हले आणि हा भूकही विसरे.

काढणी सुरू झाली. पश्चिमेकडच्या शेतात माणसांनी 'तिला' उपटून बांधावर टाकलं. राखणदार धावत गेला. लुगड्याच्या आत दोन काठ्या आणि कडबा होता. तो तिथेच बसून रडला.

मग त्याला हाक मारणारी आठवली. तो शेजारच्या शेतात गेला. रान मोकळं झालं होतं, मचाण रिकामं होतं. बांधावर एक गुराखी म्हातारा बसला होता.

"बाप-लेक गेली की," म्हातारा म्हणाला. "वाट्यानं रान करत व्हती. गाव ठावं न्हाई, पर नाव सांगा तिचं, म्या इचारून बघतो."

 राखणदारानं इतके दिवस तिच्या हातचा हुरडा खाल्ला होता, नाव विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

तात्पर्य एवढंच: लांबून पदर हलवणाऱ्याला जीव लावण्याआधी, जवळ येऊन हाक मारणाऱ्याला ओ द्यावी.