चहा निवायच्या आत म्हैस

फार पूर्वी एका गावात एक शिंपी होता. त्याच्याइतक्या झपाट्यानं चित्र काढणारा अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. म्हणजे तसा पंचक्रोशीत चित्र काढणाराच दुसरा नव्हता, पण ते असू द्या.

दुकानात कपडे शिवायचे आणि फावल्या वेळात, म्हणजे जवळजवळ दिवसभरच, रंगपेटी उघडायची. पारावर बसलेला असो की दुकानात टेकलेला, माणूस सापडला की चहा निवायच्या आत कागदावर. एकदा वैद्यबुवांना चित्रात मिशी आली. प्रत्यक्षात नव्हती. पण वैद्यबुवांना ती इतकी आवडली की त्यांनी खरोखरच वाढवली. तेव्हापासून शिंप्याला वाटू लागलं, आपलं काही चुकतच नाही.

त्याच गावात दुधाचा रतीब घालणारी एक म्हातारी राहायची. घरात ती आणि तिची म्हैस, तिसरं कुणी नाही. गुडघ्यांमुळे चारापाणी होईना, म्हणून तिनं म्हैस घाटापलीकडच्या भाच्याला द्यायचं ठरवलं. भाचा न्यायला आला त्या सकाळी ती शिंप्याकडे गेली.

"बाबा रे, दुपारी चंद्री जायची. तेवढी कागदावर उतरवून दे. भिंतीला लावीन म्हणते. मला तिच्याशीच बोलायची सवय आहे."

"दुपार कशाला, मावशी? चहा टाका. निवायच्या आत देतो."

चंद्री गोठ्यापुढे रवंथ करत बसली होती. शिंप्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, बोटांनी हवेत माप घेतलं आणि घरात सावलीला जाऊन तिच्याकडे पाठ करून बसला. माप घेतलं की गिऱ्हाईक घरी गेलं तरी चालतं, हे त्याच्या धंद्यातलं शहाणपण. एक शिंग काढलं, दुसरं त्याच्याच बरहुकूम, सदऱ्याच्या दोन बाह्या असतात तसं. चहाला वाफ होती तोवर चित्र तयार. मग दुपारपर्यंत तो भाच्याला आपल्या हाताचा वेग समजावून सांगत बसला.

चंद्री घाटाच्या वळणाआड गेली, तेव्हा म्हातारीनं चित्र हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

"छान आहे. कुणाची म्हैस?"

"तुमचीच की."

"माझ्या चंद्रीचं एक शिंग लहानपणी दारात अडकलं होतं. ते गालावर वळलेलं. धार काढताना मी त्याला फडकं अडकवायचे."

"एवढंच ना? आत्ता वळवतो." शिंप्यानं कुंचला ओला केला. "कुठलं, डावं की उजवं?"

म्हातारीनं रिकाम्या गोठ्याकडे बोट दाखवलं. कुंचला हातातच वाळला. शेवटी शिंपी खाकरला.

"तात्पर्य काय मावशी, समोरचं समोर आहे तोवर नीट बघून घ्यावं. हात काय, मागाहूनही पळवता येतो."

म्हातारीनं चित्र त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे चंद्री दारात बसली होती तेव्हा का नाही सुचलं?"