भरून राहिलेली विहीर

धुक्याला पाखरांची भाषा कळत होती, त्या काळची गोष्ट. टेकडीवरच्या चर्चमागे एक विहीर होती. रोज पहाटे प्रार्थनेआधी पाळक शिरसाट तिचं पाणी शेंदत आणि रहाट कुरकुरत फिरे.

"रहाटदादा, रोज रोज तेच," विहीर एकदा म्हणाली. "ईस्टरला माझ्या पाण्यानं एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा व्हायचाय. तोवर मला भरून राहू दे."

"तू म्हणतेस तर तसं," म्हणत रहाट अडून बसला. तेल देऊनही हलेना, तेव्हा पाळक ओढ्यावर जाऊ लागले.

विहीर तुडुंब भरली. ढग तिच्यात उतरून झोपू लागले. आपण आता आकाशच झालो, असं तिला स्वप्नात वाटे.

ईस्टरच्या सकाळी रहाट आपणहून फिरला. वर आलेलं पाणी हिरवं होतं, त्याला वास येत होता. पाळकांनी ते जास्वंदीला ओतलं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ओढ्याच्या पाण्यानं झाला.

"झरे बुजले गं तुझे," रहाट हळूच म्हणाला. "उपसा थांबला की बुजतातच."

"मग आता?"

"आता गाळ काढण्यापासून सुरुवात."

विहीर म्हणाली, "हवी तेवढी कुरकुर कर, दादा. पण पहाट चुकवू नकोस."