दाद कोणत्या कोर्टात?

मिरजेत गोदूबाईंच्या भाड्याच्या खोलीत छतातून घरमालकाच्या टाकीचं पाणी दिवसभर ठिबकायचं. खाली मांडलेल्या वाट्यांतलं जलतरंग ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागायचा, आणि स्वप्नातही त्या या कोर्टातून त्या कोर्टात तरंगत जायच्या. जागेपणीही दुरुस्तीसाठी गेल्या की प्रत्येक कोर्ट दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

तिसऱ्या कोर्टात घरमालक दामूशेठ मिशीला पीळ देत म्हणाले, "साहेब, दुरुस्तीची दाद इथं मागताच येत नाही!"

"मग दुरुस्तीची नको," गोदूबाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "घरी येऊन वाट्यांचं जलतरंग ऐका, आणि त्याला दाद द्या."

न्यायाधीश दामूशेठना घेऊन खरंच आले. डोळे मिटून डोलत बसले. एवढ्यात एक थेंब थेट त्यांच्या टकलावर पडला.

"वाहवा!" ते म्हणाले. "बाई, दाद दिली. दामूशेठ, मैफल संपली. गवंडी बोलवा!"