टिपकीची पाळी

बसा रे सगळे, मांडी घालून. मागच्यांनो, तुम्हीही पुढे सरका.

एक होती बेडकी. एवढीशी, सुपारीएवढी. पाठीवर एकच टिपका, म्हणून नाव टिपकी.

विहिरीजवळ दगडाची डोणी होती. गुरं तिथं पाणी प्यायची. टिपकी तिथं राहायची. भाडं काही नाही. रोज सकाळी एक गाणं म्हटलं की झालं.

त्या वर्षी पाऊस रुसला. डोणीतलं पाणी खाली गेलं, आणखी खाली गेलं. एके सकाळी टिपकीनं उडी मारली, तर डुबुक झालंच नाही. टण् झालं! डोणी कोरडी. टिपकीची पाठ तडतडायला लागली. बेडकीची पाठ सुकली, तर बेडकी कशी जगायची?

टिपकी म्हणाली,
"टिपकीला टिपूस मिळेना.
डोणीताई, डोणीताई, भर ना."

डोणी म्हणाली, "पोहरा ओतेल, मग मी भरेन."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिपकी गेली पोहऱ्याकडे. पोहरा दोराला लटकत होता, रिकामा, ठण ठण.

"डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
पोहरादादा, पोहरादादा, ओत ना."

पोहरा म्हणाला, "विहीर पाझरेल, मग मी ओतेन."

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिपकी पायऱ्या उतरली. एक पायरी, दोन पायऱ्या, दहा पायऱ्या.

"पोहरा ओतेना, डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
विहीरआजी, विहीरआजी, पाझर ना."

विहीर म्हणाली, "माझा झरा आहे गं खाली. पण त्याच्यावर गाळ बसलाय. गाळ निघेल, मग मी पाझरेन."

गाळ तळाशी पसरला होता. काळा काळा, जाडजूड, घोरत होता. घुर्रर्र, घुर्रर्र.

"विहीर पाझरेना,
पोहरा ओतेना, डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
गाळोबा, गाळोबा, निघ ना."

गाळानं एक डोळा उघडला. म्हणाला, "कुदळ खणेल, मग मी निघेन." आणि परत घुर्रर्र.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. टिपकी वर आली. कुदळ भिंतीला टेकून उभी होती.

"गाळ निघेना, विहीर पाझरेना,
पोहरा ओतेना, डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
कुदळताई, कुदळताई, खण ना."

कुदळ म्हणाली, "मला का पाय आहेत? मावशी उठेल, मग मी खणेन."

मावशी म्हणजे ठकूमावशी, वरच्या आळीची. हात असे, की दगड फोडतील. पण मावशी ओट्यावर बसली होती.

"कुदळ खणेना,
गाळ निघेना, विहीर पाझरेना,
पोहरा ओतेना, डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
ठकूमावशी, ठकूमावशी, ऊठ ना."

मावशी म्हणाली, "नारळ फुटेल, मग मी उठेन."

कारण त्या गावात तसा रिवाज होता. आधी विहिरीवर नारळ फोडायचा, मगच कुदळ मारायची.

नारळ होता दामूशेठच्या दुकानात. पोत्यावर बसला होता, शेंडी वर करून. टिपकी धापा टाकत पोचली. टुपुक... टुपुक... टुपुक. पाठ आणखी सुकली होती.

"मावशी उठेना, कुदळ खणेना,
गाळ निघेना, विहीर पाझरेना,
पोहरा ओतेना, डोणी भरेना,
टिपकीला टिपूस मिळेना.
नारळभाऊ, नारळभाऊ, फूट ना."

नारळ म्हणाला, "पाळी ठरेल, मग मी फुटेन."

दामूशेठनं टिपकीला सगळं समजावलं. एका वर्षी नारळ द्यायचा वरच्या आळीनं, एका वर्षी खालच्या आळीनं. पण मागच्या खेपेला कुणी दिला, तेच सगळे विसरले. आता ठकूमावशी म्हणते, पाळी खालच्या आळीची. खालच्या आळीचे हणमंतआप्पा म्हणतात, पाळी वरच्या आळीची. काल दोघं बोलत बसले, बोलत बसले. समोरचा चहा गार झाला, त्यात माशी पडली, तरी पाळी ठरली नाही.

"पाळी कुणाची ते सांगा आणि नारळ न्या," दामूशेठ म्हणाले. "मी काही अडवत नाही."

आता टिपकी डोळे मोठ्ठे करून विचार करू लागली. मग तिनं विचारलं, "शेठजी, मी वरच्या आळीची का खालच्या?"

"तू कुठली? तू तर मधली. विहिरीपाशी राहतेस."

"मी या गावची ना?"

"गावचीच की."

"मग माझी पाळी कधी आली होती?"

दामूशेठनं डोकं खाजवलं. कधीच नाही.

"तर मग यंदा पाळी माझी," टिपकी म्हणाली.

दामूशेठ हसले. नारळ उचलला आणि टिपकीपुढे ठेवला. पण टिपकी सुपारीएवढी, नारळ डोंगराएवढा. उचलणार कसा?

टिपकीनं ढकलला. हलेना. परत ढकलला. हलेना. मग तिनं घेतली लांब उडी, थेट नारळावर, टुपुक! आणि नारळ निघाला.

गडगड गडगड, गडगड गडगड! उतारावरून नारळ पुढे. टुपुक टुपुक टिपकी मागे. ओट्यावरून ठकूमावशी धावली. पारावरून हणमंतआप्पा धावले, एकच चप्पल घालून. नारळ गेला थेट विहिरीच्या काठावरच्या दगडावर.

फटाक!

पाळी ठरली, नारळ फुटला.
मावशी उठली, कुदळ खणू लागली. खण् खण् खण्!
वरची आळी आली, खालची आळी आली. घमेली हातोहात चालली. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे. गाळ निघाला. हणमंतआप्पांनी तो शेतात नेला, एक घमेलंही वाया घालवलं नाही.
ऊन उतरलं, आणि तळाशी कुणीतरी कुजबुजलं. झुळ... झुळ... झुळझुळ!
विहीर पाझरली.
पोहरा खाली गेला, भरून वर आला, ओतू लागला. धबाधबा!
डोणी भरली, काठोकाठ.
टिपकीनं उडी मारली.

डुबुक!

मग खोबरं वाटलं. सगळ्यांना एक एक तुकडा. टिपकीला खोबरं चालेना, म्हणून ठकूमावशीनं करवंटी पाण्यानं भरली आणि डोणीच्या काठावर ठेवली. "ही तुझी. पाळीवालीचा मान."

तेवढ्यात दामूशेठनं विचारलं, "पुढच्या वर्षी पाळी कुणाची?"

वरची आळी म्हणाली, "आमची!"
खालची आळी म्हणाली, "आमची!"

टिपकी करवंटीत बसून हसत राहिली.

डोणी भरली काठोकाठ, सोडा आता मांडीची गाठ.