डासांचे भाऊबंद

कोंडोशी गावाला शेवंताबाई नावाच्या सरपंच लाभल्या होत्या. पावसाळा सरला की गावात हिवताप यायचा. मागच्या साली त्यांची धाकटी जाऊ त्यातच गेली. म्हणून यंदा त्यांनी घरोघरी धूर फवारून घेतला. घरात डास दिसेनासे झाले. गाव खूश झालं. 'डासमुक्त गाव' म्हणून सत्काराचा मांडवही पडला.

सत्काराच्या आदल्या दिवशी डासांचा अभ्यास करणाऱ्या इरावती मॅडम आल्या. फवारणीआधी त्यांनी गावातले डास पकडून त्यांची आपापसांतली नाती तपासली होती. आता घराबाहेर सापळे लावून पुन्हा तेवढेच डास पकडून तपासले होते.

"ताई, मागे त्यांत पुष्कळ सख्खी भावंडं निघाली होती. आता कुणी कुणाच्या नात्यातलं नाही. म्हणजे डास वाढलेत."

शेवंताबाई गोंधळल्या. "नाती उरली नाहीत, म्हणजे वंश बुडाला ना?"

"लहान वाडीत कुणालाही विचारा, भाऊबंदच निघतो. मोठ्या जत्रेत नात्यातलं माणूस भेटत नाही. तसंच हे."

शेवंताबाईंना पटलं, आणि घरी पोचेपर्यंत पटेनासं झालं. उपसरपंच माधोजी म्हणाले, "धूर केला, डास गेले. यात भावंडांचा काय संबंध? हार घाला नि मोकळ्या व्हा."

हे समजायला सोपं होतं. पण जावेच्या वेळीही सगळे 'साधा ताप आहे' असंच सोपं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मांडवात त्या उभ्या राहिल्या. "मॅडमचं बोलणं मला नीट उमगलेलं नाही. पण ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. ते उमगेपर्यंत हार नको."

लोक कुजबुजले. माधोजी उठून गेले.

शेवंताबाई इरावतींकडे वळल्या. "एवढे डास आहेत, तर राहतात कुठे?"

"ते मलाही ठाऊक नाही."

"मग शोधू या."

चार माणसं घेऊन दोघी गावाभोवती हिंडल्या. बंद पडलेल्या दगडखाणीच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, आणि ते अळ्यांनी नुसतं वळवळत होतं. गावाने लहान खड्डे बुजवले, मोठ्यांत गप्पी मासे सोडले.

त्या साली ताप आला, पण कुणी दगावलं नाही. पुढच्या तपासणीनंतर इरावतींनी सांगितलं, "ताई, पुन्हा भावंडं सापडू लागली."

शेवंताबाई जरा घुटमळल्या. "ही चांगली बातमी ना?"

"चांगली."

"मग बसा, चहा टाकते."

तात्पर्य: कळलं नाही म्हणायची ज्याला लाज वाटत नाही, त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो; सोयीचं तेवढंच खरं मानणारा संकट दाराशी ठेवून हार घालून घेतो.