पळसाचं पान

फार पूर्वी, जेव्हा पाखरं आपापली कामं एकमेकांवर सोपवून निवांत हिंडत, तेव्हा रानात घुबडाची कचेरी होती. सोपवलेलं काम झालं नाही की तिथे जायचं. घुबड कारण शोधून पान द्यायचं. काम अंगावर घेऊन कुणी पसार झालं तर पळसाचं. झालेलंच काम कुणी पुन्हा मागितलं तर बोरीचं. काम कुणाला सांगितलंच नसेल तर बाभळीचं. या पानांचा घुबडाला भारी अभिमान होता.

एकदा टिटवी रडत आली. "भाऊसाहेब, नदी चढली की हाक मारतो, असं बगळ्यानं कबूल केलं होतं. तो फिरकलाच नाही. माझी अंडी वाहून गेली हो!"

घुबडानं डोळे मिटून विचार केला आणि तिच्यापुढे पळसाचं पान ठेवलं.

"हे घेऊन मी काय करू?"

"अगं, शेजारच्या रानात तर रडणाऱ्यालाही आपण कशापायी रडतोय हे कळत नाही!"

घुबडाचं स्वतःचं झाड आतून पोखरलं जात होतं. पण वाळवी लागली की कळवायचं सुतारपक्ष्यानं कबूल केलं होतं, म्हणून ते निर्धास्त होतं. एका दुपारी खोड कडाडलं आणि घुबड फांदीखाली सापडलं.

"धावा! फांदी उचला!"

सगळं रान जमलं. टिटवीनं जपून ठेवलेलं ते वाळकं पान त्याच्यापुढे ठेवलं. घुबडानं ते निरखून पाहिलं.

"बरोबर आहे," ते कण्हत म्हणालं.

सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या आणि ते आपापल्या घरी गेले. फांदी तेवढी होती तिथेच राहिली.